शरीरातच औषध असतंय, मग गोळी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून हे उत्तर. “आपल्या पेशीतच एचआयव्हीला अडवणारं काहीतरी असतंय म्हणत्यात. मग ही जन्मभराची गोळी कशाला?” हा प्रश्न निपाणीत येतो, खानापुरात येतो, बेळगावच्या सिव्हिलमध्ये तपासणीसाठी बाकावर बसलेली माणसंही विचारतात. त्यामागे बहुतेक वेळा मोबाइलवर फिरणारा एखादा व्हिडिओ असतो, आणि व्हिडिओच्या शेवटी एक पावडर विकायला ठेवलेली असते.

प्रश्नाचा पहिला भाग खरा आहे. पेशीत अडवणारं असतं, तेही एक नव्हे, बरंच. एचआयव्ही ज्या जातकुळीतला आहे ते रेट्रोव्हायरस कोट्यवधी वर्षांपासून प्राण्यांच्या मागे लागलेत. माणसाच्या डीएनएचा सुमारे ८ टक्के भाग म्हणजे जुन्या रेट्रोव्हायरसांचे सांगाडेच. इतका जुना शेजार असल्यावर पेशीनं स्वतःची व्यवस्था केली नसती तरच नवल. ही व्यवस्था म्हणजे अँटिबॉडी नव्हे आणि पांढऱ्या पेशींची फौजही नव्हे. आपण मराठीत प्रतिकारशक्ती म्हणतो, कन्नडमध्ये रोगनिरोधक शक्ती म्हणतात, तो सगळा कारभार पेशीच्या बाहेरचा. इथे बोलतोय ती पेशीच्या आतच बसलेली प्रथिनं आहेत, आणि त्यातलं प्रत्येक विषाणूच्या एका ठरावीक पायरीवर हात घालतं.

गोची अशी की जगभर पसरलेला एचआयव्ही-१ आपल्याकडे चिंपांझीकडून आलाय. माकडाकडून चिंपांझीकडे आणि तिथून माणसात येताना, जो विषाणू आपल्या पेशीतली अडवणूक चुकवू शकला तोच टिकला. म्हणजे आज समोर उभा आहे तो परीक्षा पास होऊन आलेला गडी.

माकडापासूनच सुरुवात करू. ऱ्हीसस माकडाला (हे उत्तरेकडचं, खानापूरच्या जंगलात दिसतं ते टोपीवालं माकड वेगळं) एचआयव्ही-१ची लागण होत नाही. विषाणू त्याच्या पेशीत शिरतो, पण पुढे सरकत नाही. कारण २००४ साली सापडलं: ट्रिम-५-अल्फा नावाचं प्रथिन. विषाणूचा गाभा शंकूच्या आकाराच्या कवचात असतो. एकाच प्रथिनाचे सुमारे १,५०० नग सहा-सहाच्या आणि काही ठिकाणी पाच-पाचच्या कड्यांत बसून ते कवच बनतं. आत आरएनएच्या, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराच्या, दोन प्रती, प्रत्येकी सुमारे ९,७०० अक्षरांची. हे कवच योग्य वेळीच उघडावं लागतं. भुईमुगाची शेंग जमिनीतच फुटली की दाणा वाया जातो, तसंच इथेही. ट्रिम-५-अल्फा त्या कवचावर षटकोनी जाळी टाकतं आणि ते अवेळी मोडतं.

हे प्रथिन माणसातही आहे. मग अडतं कुठे? प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची साखळी, आणि तिच्यातल्या ३३२व्या जागेवर आपल्याकडे आर्जिनिन हा मणी असतो. प्रयोगशाळेत तिथे प्रोलिन बसवलं की माणसाचं तेच प्रथिन एचआयव्ही-१ला पकडू लागतं. एका मण्याचा फरक! वर विषाणू आपल्याच पेशीतलं सायक्लोफिलिन-ए नावाचं प्रथिन घोंगड्यासारखं पांघरतो, त्यामुळे जाळी कवचावर नीट बसत नाही. आपलं ट्रिम-५-अल्फा निकामी आहे असा याचा अर्थ नव्हे. उंदरांच्या काही रेट्रोव्हायरसांना ते मस्त अडवतं. फक्त या गड्यासाठी ते घडलेलं नाही.

दुसरं प्रथिन अपोबेक-३-जी. यावर जरा थांबू, कारण गोळी का चुकवायची नाही याचं उत्तर इथे दडलंय. विषाणूला व्हिफ नावाचं एक जनुक असतं. ते काढून टाकलेला विषाणू काही पेशींत वाढायचा, काहींत अजिबात वाढायचा नाही. १९९८ साली दोन्ही प्रकारच्या पेशी एकमेकींत मिसळून पाहिल्या, तर जोडपेशीतही विषाणू अडला. म्हणजे न वाढू देणाऱ्या पेशीत कशाची कमतरता नव्हती, उलट अडवणारं काहीतरी जास्तीचं होतं. २००२ साली ते हाती लागलं.

ते काम करतं असं. पेशीतून नवा विषाणू बाहेर पडताना अपोबेकचे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रेणू त्याच्यात चढून बसतात. त्या पेशीत ते काहीच करत नाहीत. विषाणू पुढच्या पेशीत शिरला आणि त्यानं आरएनएवरून डीएनए उतरवायला घेतला, की त्या एकेरी धाग्यावर हे रेणू सी अक्षराचं यू करत सुटतात. त्याची जोडीदार प्रत तयार होते तेव्हा जिथे जी हवं तिथे ए पडतं. टीजीजी ही तीन अक्षरं म्हणजे ट्रिप्टोफॅन हा मणी, पण मधलं जी बदलून टीएजी झालं की तो होतो पूर्णविराम. प्रथिन अर्ध्यातच तुटतं. एक अक्षर बदललं की काय काय बदलतं, हे बेळगावकरांना वेगळं सांगायला नको.

व्हिफ जनुकापासून बनणारं प्रथिन नेमकं इथेच आडवं येतं. ते एका हातानं अपोबेकला धरतं, दुसऱ्या हातानं पेशीच्याच कचरा-यंत्रणेला. अपोबेकवर ‘टाकाऊ’ असा शिक्का बसतो आणि पेशी आपलंच हत्यार स्वतःच्या भट्टीत मोडून टाकते. नव्या विषाणूत चढायला कुणी उरतच नाही.

पण हे काम प्रत्येक वेळी शंभर टक्के होत नाही. थोडं अपोबेक निसटतं, थोड्या चुका पडतात, त्या विषाणूला मारायला पुरत नाहीत, बदलायला मात्र पुरतात. विषाणूच्या नक्कल काढणाऱ्या एन्झाइमच्या १८४व्या जागी एटीजी असतं आणि लगेच पुढे आणखी एक जी. अशी जीजी जोडी अपोबेकच्या सवयीची. तिथलं जी बदलून एटीए झालं की मेथिओनिनच्या जागी आयसोल्युसिन येतं, आणि लॅमिव्ह्युडिन हे औषध त्या विषाणूवर जवळपास चालेनासं होतं. रोजच्या गोळीतल्या तीन औषधांपैकी एक हेच. अर्धवट अडवणूक विषाणूला मारण्याऐवजी शिकवते. गोळ्या वरचेवर चुकल्या की रक्तातलं औषध असंच अर्धवट पडतं, आणि असा बदललेला विषाणू निवडून पुढे येतो.

टेदरिनची गोष्ट सोपी आहे. २००८ साली सापडलेलं हे प्रथिन म्हणजे दावं. त्याची दोन्ही टोकं पेशीच्या पापुद्र्यात रुतलेली असतात. विषाणू बाहेर पडताना तोच पापुद्रा पांघरून निघतो, त्यामुळे एक टोक त्याच्यात अडकतं, दुसरं पेशीत राहतं. गोठ्याच्या दारातून बाहेर पडलेली म्हैस दाव्यामुळे तिथेच हिसके देत उभी राहावी, तसा तो पेशीला चिकटून राहतो. चिंपांझीचा विषाणू हे दावं नेफ या प्रथिनानं सोडवायचा. माणसाच्या टेदरिनमध्ये नेफ जिथे धरतं तिथलेच पाच मणी गळालेले आहेत. मग एचआयव्ही-१च्या जगभर पसरलेल्या एम गटानं दुसरंच प्रथिन, व्हीपीयू, या कामाला जुंपलं. भारतात सर्वाधिक आढळणारा सी उपप्रकार याच एम गटातला. माणसात आलेल्या एन आणि पी गटांना हे काम नीट जमलं नाही, आणि ते आफ्रिकेतल्या मोजक्या रुग्णांपलीकडे गेले नाहीत. तेवढं एकच कारण नसेल, पण छोटंही नाही.

सॅम-एचडी-१ मात्र वेगळ्या चालीचं. वडगाव-शहापूरच्या मागावर कांडीतलं सूत संपलं की माग कितीही चांगला असो, साडी पुढे सरकत नाही. विषाणूला डीएनए विणायला चार प्रकारची सुटी अक्षरं लागतात. हे प्रथिन विश्रांती घेणाऱ्या पेशींत ती अक्षरंच मोडून साठा आटवतं. विभागणाऱ्या पेशीला स्वतःलाच अक्षरं हवी असतात, म्हणून तिथे साठा भरलेला असतो आणि या प्रथिनाची अडवणूकही बंद असते. एचआयव्ही-१ अशाच धावपळीतल्या पेशी गाठतो. एचआयव्हीचा दुसरा प्रकार, एचआयव्ही-२, याच्याकडे मात्र व्हीपीएक्स हे प्रथिन आहे, ते सॅम-एचडी-१ला थेट भट्टीत धाडतं. गंमत बघा, जास्तीची किल्ली असलेला एचआयव्ही-२च दोघांत सौम्य निघाला: पसरतो कमी, आजार हळू वाढतो. त्याला नेव्हिरापिन आणि एफाव्हिरेंझ ही औषधं लागू पडत नाहीत, म्हणून रिपोर्टवर १ की २ हे वाचायला विसरू नका.

याशिवाय सेरिंक-५ आहे, ते विषाणूला पुढच्या पेशीशी मिसळू देत नाही आणि नेफ त्याला हटवतं. एमएक्स-२ आहे, ते केंद्रकाच्या वाटेवर बसतं. यादी आणखी लांबेल, चाल तीच.

याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला: “नवऱ्याला आहे, बायकोला नाही. तिच्या रक्तातच ताकद असणार ना?” बहुतेक वेळा नाही. प्रत्येक संबंधात लागण होतेच असं नाही, आणि नवरा नियमित गोळी घेत असून व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नसेल तर संबंधातून लागण होतच नाही. जन्मजात बचाव असलेली माणसं आहेत. विषाणू पेशीत शिरतो त्या सीसीआर-५ नावाच्या दाराच्या जनुकातली त्यांची ३२ अक्षरं दोन्ही प्रतींत गळालेली असतात. पण ती मुख्यतः उत्तर युरोपातली, आपल्याकडे हा प्रकार अगदी दुर्मीळ. तेव्हा ताकदीवर भरवसा ठेवून तपासणी टाळू नये. शंकास्पद संबंध झाला असेल तर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, सरकारी दवाखाना गाठावा. २८ दिवसांची गोळी लागण टाळू शकते.

आता पावडर. यातली बरीचशी प्रथिनं इंटरफेरॉननं वाढतात हे खरं, पण इंटरफेरॉन म्हणजे तापात अंग मोडून टाकणारं रसायन, ते डब्यातून चमच्यानं मिळत नाही. आणि प्रथिन वाढवलं तरी व्हिफ आणि व्हीपीयू तिथे बसलेलेच आहेत.

उलट टॉनिकनं नुकसान होऊ शकतं. सरकारी केंद्रावरच्या रोजच्या एका गोळीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० असतं. डोल्युटेग्रॅव्हिर विषाणूच्या एन्झाइममधल्या मॅग्नेशियमला चिकटून त्याचं काम थांबवतं. धातूला चिकटायची ही खोड पोटातही जात नाही. लोह, कॅल्शियम, जस्त किंवा पित्ताचं पांढरं औषध पोटात असलं की ते त्यालाच चिकटतं आणि रक्तात कमी पोचतं. म्हणून पित्ताचं औषध घ्यायचं असेल तर एचआयव्हीची गोळी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. गरोदर बाईला आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. जेवणासोबत असतील तर त्या एचआयव्हीच्या गोळीबरोबर चालतात. रिकाम्या पोटी घ्यायच्या असतील तर मात्र अंतर तेच, एचआयव्हीची गोळी त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.