तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्या कॉम्प्युटरवर बेस गिटार

“दादा, घरीच बेस रेकॉर्ड करायचाय. काय काय घ्यावं लागेल?” हा प्रश्न मला शिकायला येणारी मुलं विचारतात, कार्यक्रम संपल्यावर स्टेजवर येऊन कोणीतरी विचारतं, आणि पन्नाशीनंतर पुन्हा वाद्य हातात घेतलेले काही काकाही आवर्जून विचारतात. माझं उत्तर एका दमात सांगण्यासारखं आहे: बेस, चांगली केबल, एक इंटरफेस (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरला घेता येईल असा करणारी छोटी पेटी) आणि बरा हेडफोन. मग समोरच्याला वाटतं, हा काहीतरी हातचं राखून सांगतोय. अ‍ॅम्प नको? माइक नको? भिंतीला फोम नको? म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

घरात रेकॉर्ड करायला बेसइतकं सोयीचं दुसरं वाद्य नाही, असं माझं ठाम मत आहे. गाणाऱ्याला माइक लागतो आणि माइकमध्ये कुकरची शिट्टी, भंगारवाल्याची हाक, वरच्या मजल्यावरचा मिक्सर सगळं शिरतं. बेसचा पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचं वेटोळं. वर धातूची तार हलली की वेटोळ्यात वीज तयार होते आणि तीच केबलमधून पुढे जाते. खोलीतला आवाज त्यात येतच नाही. रात्री अकरा वाजता घरातले झोपलेले असताना हेडफोन लावून तुम्ही पूर्ण गाणं वाजवू शकता.

आणि थेट वायर जोडणं म्हणजे तडजोड, हा समज मनातून काढून टाका. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत 1960 च्या दशकात जेम्स जेमरसन आपला फेंडर प्रिसिजन बेस थेट मिक्सिंग कन्सोलला जोडून वाजवत असे. तेही उजव्या हाताच्या फक्त तर्जनीनं. त्या रेकॉर्डिंगवरून जगभरचे बेसवादक अजून शिकतात.

आता इंटरफेस कशाला? लॅपटॉपला माइकचं भोक असतंच की! पण पॅसिव्ह, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या, पिकअपला समोर दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट हवा असतो. माइकच्या इनपुटचा रोध काही हजार ओहमच असतो. तिथे बेस लावला की वरची धार निघून जाते आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झेड’ असं लिहिलेलं बटण किंवा जॅक असतो, तो याचसाठी. फोकसराइट, बेहरिंगर, ऑडियंट यांपैकी कुठलाही साधा, एक-दोन इनपुटचा इंटरफेस पुरतो. महागड्या मॉडेलनं सुरुवातीला काही फरक पडत नाही. ते बटण दाबायला मात्र विसरू नका. सॉफ्टवेअरचं म्हणाल तर मॅकवर गॅरेजबँड फुकट आहे, आणि रीपर साठ दिवस वापरून बघता येतं. जे हाताला बसेल ते घ्या.

ज्याचा सगळ्यांना त्रास होतो तो म्हणजे हम, ती सततची घुं. आपल्याकडची वीज 50 हर्ट्‌झची. बेसच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला जो जी हा सूर वाजतो, तो 49 हर्ट्‌झचा. म्हणजे आपल्या घरातली घुं आणि बेसचा एक अगदी नेहमी लागणारा सूर जवळजवळ एकाच जागी बसलेत. हम असताना तो जी वाजवा आणि लांबवर धरून ठेवा. कान देऊन ऐकलंत तर सूर हळूहळू फुगताना आणि ओसरताना जाणवेल, साधारण सेकंदाला एकदा. म्हणूनच “हम नंतर फिल्टरनं काढू” हे बेसच्या बाबतीत चालत नाही. 50 ला कात्री लावली की त्या जीचा पायाच जातो. हम मुळातच घालवायला हवा. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा तेवढ्यानंच आवाज बंद होतो. मग प्लगला अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण अर्थची वायर कुठेच जोडलेली नसते. डिमर आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करा, मोबाइल लांब ठेवा. जाझ बेससारखे दोन सिंगल कॉइल (एकेका वेटोळ्याचे) पिकअप असतील तर दोन्हीचे व्हॉल्यूम पूर्ण उघडा. त्यांच्या वेटोळ्यांची दिशा सहसा उलटसुलट असते, त्यामुळे एकाची घुं दुसरा खातो. तरी राहिलाच, तर बसायची दिशा बदला. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पिकअप वळवला की हम कमी-जास्त होतो, आणि नव्वद अंशात कुठेतरी एक शांत कोन मिळतो.

लेव्हलबद्दल थोडक्यात. गाण्यातला सगळ्यांत जोरकस भाग वाजवून बघा आणि गेन (इंटरफेसवरचं लेव्हल वाढवायचं बटण) असा लावा की सॉफ्टवेअरमधला मीटर मायनस बारा डेसिबलच्या आसपास राहील, फार तर मायनस सहाला शिवेल. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज बारीक वाटला म्हणून काही बिघडत नाही, नंतर वाढवता येतो. लाल दिवा लागून फाटलेला सूर मात्र शिवता येत नाही. बेस अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, असेल तर आतली नऊ व्होल्टची बॅटरी ताजी आहे ना ते पाहा. ती उतरली की लेव्हल बरोबर असूनही आवाज फाटतो. वाजवून झालं की केबल काढून ठेवा, कारण पिन आत असेपर्यंत बॅटरी खर्च होत राहते.

इथवर सगळं अर्ध्या तासाचं काम आहे. खरा वेळ जातो तो हातावर, आणि तिथेच तो घालवावा असं मला वाटतं. रेकॉर्ड केलेला बेस एकटा ऐकला की तालमीत कधीच न ऐकू आलेल्या गोष्टी कळतात. ए तार वाजवताना खालची ई गुणगुणत राहिलेली असते. बोट उचलताना तार फ्रेटला चाटलेली असते. आणि मुख्य म्हणजे सूर नेमका कुठे संपतो, याकडे आपलं लक्षच नव्हतं हे लक्षात येतं. सूर सुरू करायला सगळे शिकतात. तो बंद करायला डावा हात लागतो: बोट फ्रेटवरून पूर्ण न उचलता नुसतं सैल सोडायचं, म्हणजे तार गप्प होते. एक अभ्यास सांगतो. क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) लावा आणि एकच सूर, समजा डी तारेवरचा पाचवा फ्रेट, दोन मिनिटं वाजवून रेकॉर्ड करा. प्रत्येक मात्रेला सूर, पण अर्ध्या मात्रेवर तो बंद. मग स्क्रीनवर तरंगाकडे बघा. तर्जनीचे ठोके उंच, मधल्या बोटाचे बुटके, आणि मधल्या रिकाम्या जागा लहानमोठ्या दिसतील. त्या सारख्या होईपर्यंत पुन्हा वाजवा. हे ज्याला जमलं त्याला मिक्समध्ये फार काही करावं लागत नाही.

सूर लावतानाही गाण्यात जितक्या जोरानं वाजवणार तितक्याच जोरानं तार छेडा. जाड तार जोरात ओढली की सुरुवातीला सूर किंचित चढतो. हळुवार वाजवून जुळवलेली ई प्रत्यक्ष गाण्यात चढी लागते.

ऐकायचं कशावर, हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. मोकळी ई तार 41 हर्ट्‌झची. लॅपटॉपच्या स्पीकरमधून इतका खालचा आवाज निघतच नाही. त्यावर आपण ऐकतो ते त्या सुराचे वरचे स्वरांश, 82, 123, 164. खालचा मूळ सूर आपला मेंदू जोडून घेतो. म्हणून तिथे ऐकून बेस वाढवत गेलात तर दुसरीकडे तो नुसता घुमतो. मोठे स्पीकर आणले तरी आपल्या दहा बाय दहाच्या खोल्या आड येतात. समोरासमोरच्या भिंतींत दहा फुटांचं अंतर असेल तर खोली स्वतःच 56 हर्ट्‌झला घुमते, आणि बेसची मोकळी ए तार आहे 55 ची. भिंतीला टेकून बसलात तर ए दणदणीत, खोलीच्या मधोमध बसलात तर तोच ए बसका. भिंतीवरच्या दोन इंची फोमनं यात काहीही होत नाही, कारण त्या सुराची तरंगलांबीच वीस फूट आहे. फोमचे पैसे वाचवा आणि पूर्ण कान झाकणारा हेडफोन घ्या.

वाजवलेलं कानात उशिरा येत असेल तर विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एसिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) टाका आणि सेटिंगमध्ये बफर 128 वर आणा, किंवा सरळ इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा, म्हणजे वाजवलेलं कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतं. प्लगइनचं, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टचं, वेड सुरुवातीला नकोच. एक कंप्रेसर (जोरातले सूर दाबून लेव्हल सारखी करणारा), चारास एक, तीन-चार डेसिबलपुरता. तीस हर्ट्‌झच्या खालचं कापून टाका, आणि मोबाइलवर बेस हरवत असेल तर अगदी थोडं सॅच्युरेशन (आवाजाला हलकी खरखर देणारा इफेक्ट) द्या, त्यानं वरचे स्वरांश उठून दिसतात. पुष्कळ झालं.

आणि हा ट्रॅक दुसऱ्या कोणाच्या गाण्यासाठी असेल, तर दोन फाइली पाठवा: एक काहीही न लावलेली, एक तुम्हाला आवडेल तशी केलेली. दोन्ही वेव्ह, 24 बिट, आणि बेस दुसऱ्या कडव्यात येत असला तरी फाइल गाण्याच्या पहिल्या क्षणापासून सुरू झालेली. नावात गाणं, टेम्पो आणि तुमचं नाव लिहा. एमपीथ्री पाठवू नका.