दिवेलागणीची दहा मिनिटं

संस्कार म्हटलं की पालक थेट रामरक्षेलाच हात घालतात आणि तिथेच फसतात. 38 श्लोक, तेही संस्कृत! चार वर्षांचं पोर तिसऱ्या ओळीला जांभया देतं. सुरुवात 'शुभं करोति'ने करावी. दोन ओळींचं काम. पुढे 'दिव्या दिव्या दीपत्कार' आलं की पोरं आपसूक चढ्या आवाजात सामील होतात. ते रुळलं की मनाचे श्लोक घ्यावेत, आठवड्याला एक पुरे. 205 श्लोक, पण सगळे भुजंगप्रयात वृत्तात, ठेका एकच. त्यामुळे अर्थ कळायच्या आधीच जिभेवर बसतात. रामरक्षा त्यानंतर, आणि तीही मधूनच: 'शिरो मे राघवः पातु'पासून. डोकं, कपाळ, डोळे, कान, नाक... ज्याचं नाव येईल तिथे हात लावायचा. पोटाशी आलं की गुदगुल्या होणारच, होऊ द्याव्यात.

मध्येच थांबवून उच्चार सुधारायला जाऊ नये. दुसऱ्या दिवशी आपण ती ओळ जरा सावकाश म्हणावी, कान आपलं काम करतात.

वात तुपात भिजवायचं काम मुलाकडे द्यावं, काडी मात्र मोठ्यांनीच ओढावी. वात नीट भिजली नाही तर भुरकन जळून काजळी धरते, हे एकदा दिसलं की पुन्हा सांगावं लागत नाही. एका हातात फोन धरून 'हात जोड रे' म्हणणाऱ्याचं मात्र कोणी ऐकत नाही, आणि का ऐकावं? 'भांडलास? बस आता रामरक्षा म्हणत' हा तर सगळ्यात वाईट प्रकार. रामाचा हवालदार करू नये.

मग गोष्ट. श्रावणबाळाची सांगताना सगळा भर कावडीवर असतो आणि शेवटी ठरलेलं वाक्य: 'बघ, आईबाबांची सेवा कशी करावी!' पोराचं लक्ष तिकडे नसतंच. अंधारात नुसत्या आवाजावर बाण सोडणारा दशरथ त्याच्या डोक्यात घोळत असतो. तो स्वतः पाणी घेऊन त्या आंधळ्या म्हाताऱ्यांकडे गेला आणि 'माझ्या हातून झालं' म्हणाला, हा भाग सांगणारे घाईत गाळतात. फुटलेल्या कपाचा आळ मांजरावर घालणाऱ्याला नेमकं तेच ऐकायचं असतं. तिथे रेंगाळावं. 'मुद्दाम नव्हतं मारलं, मग शाप का?' असं त्याने विचारलं तर लगेच उत्तर देऊ नये. आजीलाही विचारू द्यावं. दोघांची उत्तरं वेगळी निघाली तर उत्तमच.