केरवोखं, पोरोनकुसेमा वगैरे

श्टुटगार्टला राहायला आल्यावर पहिला आवडलेला जर्मन शब्द म्हणजे 'केरवोखं'. 'केरेन' म्हणजे झाडणं, 'वोखं' म्हणजे आठवडा. त्यातलं 'केर' आपल्या केरकचऱ्याशी जुळतं तो योगायोग, पण मराठी माणसाला शब्द पाठ करायची गरज उरत नाही!

इमारतीतल्या घरांची आळीपाळीने झाडलोटीची पाळी असते. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना तुमचा. जिन्याची ती 'छोटी' पाळी. फुटपाथ, तळघर वगैरे 'मोठी'. याची मुळं १४९२ च्या शहर-नियमांपर्यंत जातात म्हणे. महापालिकेने १९८८ साली सक्ती उठवली, तरी घरमालकांच्या भाडेकरारांतून ही पद्धत टिकली आहे. जिना आधीच लख्ख असला तरी पुसायचाच, आणि पुसताना कुणीतरी पाहिलेलं बरं. आमच्या तळमजल्यावरच्या आजी ती सोय न चुकता करतात.

फिनिशमध्ये अंतराचं एक जुनं माप आहे, 'पोरोनकुसेमा'. रेनडिअर लघवीला न थांबता जेवढं जाऊ शकतो तेवढं, म्हणजे साधारण साडेसात किलोमीटर. लॅपलँडात स्लेजवरून फिरणाऱ्यांना ते उपयोगी पडत असणार. आपला कोस याच्यापुढे फारच सोवळा!

आणि जपानी 'त्सुंदोकु': पुस्तकं विकत घ्यायची, रचून ठेवायची, वाचायची मात्र नाहीत. शब्द मेइजी काळातला (१८६८ ते १९१२) आहे. आमच्या हिला तो कळल्यापासून पुस्तकांचं पार्सल आलं की ती दारातूनच ओरडते, "अहो त्सुंदोकु, सही करा!"