ऐरोलीची खाडी आणि अगत्तीची भेंड

ऐरोली स्टेशनवरून रिक्षा करून जैवविविधता केंद्रात पोचलो, तर काठावर भेंडीचं झाड फुललेलं. पिंपळासारखी पानं, पिवळं फूल, पाकळ्यांच्या बुडाशी गडद तांबडा ठिपका. सकाळी पिवळं असलेलं हे फूल उतरत्या उन्हात तांबूस होतं आणि गळतं. ठाण्यात रस्त्याकडेला ही झाडं ढिगानं आहेत, पण मान वर करतंय कोण! लक्षद्वीपला अगत्तीच्या किनाऱ्यावर मात्र मी तिच्याकडे बराच वेळ बघत उभा होतो.

कारण तिथे माती म्हणावी अशी नाहीच. लक्षद्वीपची 36 बेटं मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर, तीही पोवळ्यांच्या चुऱ्याची. पावसाचं पाणी झिरपून खाली खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. त्या पातळ गोड्या थरावर विहिरीही चालतात आणि झाडंही. अशा जागी पोचायचं तर बी खाऱ्या पाण्यात तगायला हवं, नाहीतर पक्ष्यांनी आणायला हवं. भेंडीची फळं तरंगत येतात. तिच्या पुढे, थेट लाटांच्या तोंडी, भद्राक्ष: पांढरं फूल, पाचही पाकळ्या एकाच बाजूला, उरलेलं अर्धं कुणी तोडून नेल्यागत. खाली वाळू धरून बसलेली मर्यादवेल.

इकडे ऐरोलीला सगळं उलटं. गाळच गाळ. पोवळ्यांच्या पेशींत राहणाऱ्या शैवालाला ऊन लागतं, त्यामुळे ठाणे खाडीच्या गढूळ पाण्यात प्रवाळ जगणं अवघड. इथे राज्य तिवरांचं. तिवराचं पान उलटून जिभेवर टेकवलं; चक्क मीठ! झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. चिखलात हवा नाही, म्हणून मुळं खुंट्यांसारखी वर आलेली. चिपी या दुसऱ्या खारफुटीच्या फांद्यांखालून बोट पुढे सरकली, आणि मग फ्लेमिंगो. त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात, मी आवरतो.

या खाडीला 2022 मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही ओळख, मिळाला. अगत्तीकडे काळजी वेगळी आहे. 1998, 2010 आणि 2016 मध्ये पाणी तापून तिथली पोवळी पांढरी पडली. पोवळी मेली की लाटा अडवणारा बांध झिजतो, आणि आधी उन्मळते ती काठावरची झाडी.

जाणार असाल तर बोटीची वेळ आधी विचारून घ्या, ती भरतीवर ठरते. टोपी न्या, आणि बोटीआधी काठावरच्या भेंडीपाशी पाच मिनिटं थांबा.