रबरी बम्परची गाडी आणि मासिकातले अर्धे वाक्य

ऑक्सफर्डशायरमध्ये राहायला आल्यानंतर पाचव्या वर्षी मी एक जुनी स्पोर्ट्स कार विकत घेतली. ती १९७७ सालची एमजीबी आहे: दोन आसनांची, छत उघडता येणारी, गडद हिरव्या रंगाची, पुढेमागे जाडजूड काळे बम्पर असलेली. एमजी म्हटले की आपल्याकडच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर आता उंच, ऐसपैस एसयूव्ही उभी राहते, म्हणून थोडे सांगायला हवे. मॉरिस गॅराजेस या ऑक्सफर्डमधील पेढीच्या नावातून ‘एमजी’ ही अक्षरे आली, १९२९ पासून जवळच्या अॅबिंग्डन गावात तिचा कारखाना होता, आणि १९६२ ते १९८० या काळात तेथून पाच लाखांहून अधिक एमजीबी बाहेर पडल्या. माझी गाडी त्यांतली एक. दुर्मीळ म्हणावी अशी ती मुळीच नाही, आणि हौशी मासिकांच्या लेखी तर ती जवळजवळ नसल्यातच जमा आहे.

हे मला कळले ते इथल्या मालकांच्या मासिक बैठकीत. या बैठकीला ‘नॉगिन अँड नॅटर’ असे जुने, गमतीदार नाव आहे. नॉगिन म्हणजे लहान पेला आणि नॅटर म्हणजे गप्पा. गावाबाहेरच्या पबच्या आवारात दहाबारा गाड्या रांगेने उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात, आणि अंधार पडला की मंडळी आत जाऊन बसतात. तेथे टेबलावर कोणीतरी त्या महिन्याचे मासिक हमखास टाकलेले असते. ते हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक जण ते एकाच क्रमाने वाचतो, असे माझे निरीक्षण आहे. आधी आपली गाडी आली आहे का ते पाहायचे, मग छायाचित्रांखालच्या ओळींतल्या चुका शोधायच्या, आणि शेवटी मागच्या पानांवरचा किमतींचा तक्ता काढून तो गंभीर चेहऱ्याने न्याहाळायचा. मूळ लेख बहुतेक जण घरी जाऊन वाचतात, किंवा वाचतही नाहीत.

एमजीबीवरच्या लेखांत माझ्यासारख्या गाडीच्या वाट्याला साधारणपणे अर्धे वाक्य येते. लेख क्रोमच्या चकचकीत बम्परांच्या जुन्या गाडीबद्दल असतो, आणि शेवटाकडे कोठेतरी असा सूर लागतो की १९७४ नंतर रबरी बम्पर आले, गाडी उंच झाली आणि तिची वळणावरची पकड बिघडली. यातले काहीही सर्वस्वी खोटे नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे अवघड जाते. अमेरिकेत नवे नियम आले होते. ताशी पाच मैल वेगाने झालेल्या धडकेत दिवे आणि सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत, अशी त्यांची अपेक्षा होती. एमजीबीची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकाच असल्याने कारखान्याने पोलादी पट्टीवर काळे पॉलियुरेथेन चढवलेले बम्पर बसवले (त्यांना सगळे रबरी म्हणतात, पण त्यांत रबर नाही) आणि उंचीच्या नियमासाठी गाडी सुमारे दीड इंच वर उचलली. त्याच वेळी या उघड्या गाडीचा पुढचा अँटी-रोल बार काढून टाकण्यात आला. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला कलू नये म्हणून डाव्याउजव्या सस्पेन्शनला जोडणारी ही पोलादी दांडी असते. उंची वाढवायची आणि कलणे रोखणारी दांडीच काढायची, हा निर्णय ज्याने घेतला त्याने स्वतः ती गाडी पावसात चालवली असेल असे मला वाटत नाही. १९७५ साली ज्यांनी तिच्यावर टीका केली त्यांनी ती योग्यच केली.

मात्र पुढची गोष्ट त्या अर्ध्या वाक्यात मावत नाही. १९७७ च्या मॉडेलपासून कारखान्याने पुढची दांडी परत दिली, ती जाड केली, आणि मागेही एक बसवली. गाडी उंच राहिली हे खरे, पण तिचा स्वभाव पुष्कळ सुधारला. तरीही १९७५ चा निकाल १९८० पर्यंतच्या सगळ्या गाड्यांना चिकटला तो आजतागायत, कारण नंतर लिहिणाऱ्याने गाडी चालवण्याऐवजी आधीच्या लेखकाचा लेख वाचला, आणि त्याच्या नंतरच्याने याचा.

हे मला इतके तपशिलाने ठाऊक असण्याचे कारण दोन पुठ्ठ्याची खोकी आहेत. ज्या वृद्ध गृहस्थांकडून मी गाडी घेतली त्यांनी गाडीबरोबर ती खोकीही दिली, किंबहुना ती घेतल्याशिवाय गाडी मिळणार नाही असेच जवळजवळ सुचवले. त्यांत चाळीसेक वर्षांची मासिके होती, आणि जेथे जेथे एमजीबीचा उल्लेख होता तेथे तेथे कागदाची चिठ्ठी खोवलेली होती. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे होते. ‘बरोबर’, ‘हे अमेरिकेतल्या गाडीचे’, ‘स्वतः तपासले, चूक’, आणि पकडीविषयीच्या प्रत्येक टीकेशेजारी न चुकता एकच वाक्य: ‘हे माझ्या गाडीला लागू नाही.’ रागाचे एकही चिन्ह नव्हते. शाळेतल्या वह्या तपासाव्यात तसे त्यांनी ते काम केले होते.

ती खोकी चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. जुनी मासिके दोन जातींची होती, आणि त्यांतला फरक आजचे वाचक सहसा विसरतात. ऑटोकार हे साप्ताहिक १८९५ पासूनचे. त्याच्यासारख्या नियतकालिकांतील रोड टेस्ट ही नव्या गाडीची परीक्षा असे. इतक्या पैशांत दुसरी कोणती गाडी मिळते, शून्यावरून साठ मैलांचा वेग गाठायला किती सेकंद लागतात, ब्रेक कसे आहेत, पेट्रोल किती पिते, अशा प्रश्नांची ती उत्तरे होती, आणि त्या कसोटीवर तेरा वर्षांपूर्वीचा आराखडा असलेली एमजीबी १९७५ साली मागे पडणे साहजिक होते. दुसरी जात हौशी मासिकांची. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांना ‘क्लासिक’ म्हणण्याची रीत पक्की झाली ती १९७३ साली थरोब्रेड अँड क्लासिक कार्स हे मासिक निघाल्यानंतरच्या काळात. प्रॅक्टिकल क्लासिक्स १९८० मध्ये आणि क्लासिक अँड स्पोर्ट्स कार १९८२ मध्ये आले. म्हणजे एमजीबी कारखान्यात तयार होत होती तेव्हाच तिच्या थोरल्या भावंडांना क्लासिक म्हणायला सुरुवात झाली होती. त्यामुळे हौशी मासिकांनी तिचे मूल्यमापन नव्याने न करता आधीच्या परीक्षकांचा निकाल तसाच उचलला, आणि परीक्षेचे प्रश्न मात्र सोडून दिले.

परीक्षकांचे आकडे तरी खरे असत का, यावर आमच्या टेबलावर वर्षातून दोनदा तरी वाद होतो, आणि तो नेहमी ई-टाइपवाले गृहस्थ सुरू करतात. जॅग्वार ई-टाइप मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, आणि ताशी दीडशे मैल वेगाची गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला. किलोमीटरमध्ये सांगायचे तर २४१. ऑटोकारने ‘९६०० एचपी’ अशी नंबरप्लेट असलेल्या बंद गाडीवर १५०.४ मैलांची नोंद केली, आणि द मोटर या नियतकालिकाने ‘७७ आरडब्ल्यू’ नंबरच्या उघड्या गाडीवर १४९.१ मैलांची. या गाड्या वार्ताहरांसाठी खास निगुतीने तयार केलेल्या होत्या, हे आज सर्वमान्य आहे. दुकानातून घेतलेल्या गाडीने तो वेग गाठणे फारच थोड्यांना जमले. आमच्या ई-टाइपवाल्यांना हे सगळे तोंडपाठ आहे आणि ते स्वतःच ते सांगतात. तरीही कोणी दुसऱ्याने दीडशेच्या आकड्याविषयी शंका काढली की त्यांचा चेहरा पडतो. मासिकाने फुगवलेली कीर्ती आपण उघडी पाडायची, इतरांनी नाही, असा काहीसा हा नियम असावा.

उलट टोकाला ट्रायम्फ स्टॅगवाले आहेत. ही चार आसनांची उघडी गाडी १९७० ते १९७७ या काळात निघाली, सुमारे २६ हजार तयार झाल्या, आणि तिचे तीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन तापते अशी तिची ख्याती झाली. त्यामागे ठोस कारणे होती: पाण्याचा पंप इंजिनात उंचावर बसवलेला असल्याने पाणी थोडे जरी कमी झाले तरी तो कोरडा फिरू लागे, आणि मग तापलेल्या इंजिनाचे अॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, वाकडे होई. वैतागून कित्येकांनी ते इंजिन काढून रोव्हरचे व्ही-८ बसवले. आता गंमत अशी की मूळ इंजिन टिकवलेल्या गाडीलाच अधिक मान आहे. स्टॅगवाल्यांचा एक खेळ आहे. त्यांच्या गाडीवर लेख आला की ‘तापणे’ हा शब्द कितव्या ओळीत येतो ते ते मोजतात आणि टेबलावर जाहीर करतात. गेल्या वेळी तो पाचव्या ओळीत आला होता. त्यांचे म्हणणे असे की जी गाडी आज रस्त्यावर आहे तिचे हे दुखणे कोणीतरी केव्हाच काढलेले आहे. मोठा रेडिएटर बसवला आहे, पाण्याची पातळी पाहायची सवय लावून घेतली आहे. मग लेखकाने पन्नास वर्षांपूर्वीच्या ग्राहकाची तक्रार आजच्या वाचकाला का सांगावी? मला हे पटते. पण हेच गृहस्थ पबमधल्या प्रत्येक नवख्याला पहिल्या पाच मिनिटांत इंजिन तापल्याची एक तरी कथा सांगतात, हेही नोंदवून ठेवते.

मासिकांवर मी येथे टीकाच करते आहे असे वाटू नये म्हणून सांगते, की गाडी घेताना मला वाचवले ते मासिकानेच. विकत घेणाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक लेखाची दोन पाने हातात धरून मी त्या वृद्ध गृहस्थांच्या गॅरेजमध्ये गुडघे टेकून बसले होते. एमजीबीला वेगळी चौकट नाही, दाराखालची पोकळ सिल हीच गाडीचा भार पेलते, आणि ती आतून गंजलेली असताना बाहेरून नवा पत्रा वेल्ड करून झाकता येते, हे सगळे त्या पानांवर होते. लोहचुंबक कोठे फिरवायचा, पुटी भरलेली जागा कशी ओळखायची, तेही होते. मालकांनी नाराज होण्याऐवजी मला टॉर्च आणून दिला आणि ती पाने त्यांच्याकडेही आहेत, खोक्यात, असे सांगितले. हे लेख लिहिणारे बहुतेक स्वतः पत्रा कापणारे आणि वेल्डिंग करणारे असतात, आणि ते वाचताना कळते. आठवणींत रमलेल्या लेखांपेक्षा मी याच पानांवर विश्वास ठेवते.

किमतींच्या तक्त्याविषयी मात्र माझे मत चांगले नाही. प्रदर्शनात मांडण्याजोगी, चांगली चालती, आणि काम बाकी असलेली अशा प्रतवारीने प्रत्येक गाडीसमोर आकडे छापलेले असतात. त्यांना महत्त्व येते ते विम्यामुळे. जुन्या गाडीचा विमा बहुधा आधीच ठरवलेल्या किमतीवर उतरवतात: मालक छायाचित्रे आणि क्लबचे पत्र पाठवतो, कंपनी एक रक्कम मान्य करते, आणि गाडी पूर्ण निकामी झाली तर तीच रक्कम मिळते. ती रक्कम किती मागावी हे ठरवायला सगळे तो तक्ता उघडतात. पण त्यातले आकडे पुष्कळदा लिलावांवरून आणि जाहिरातींवरून आलेले असतात, आणि लिलावाला जाणारी गाडी ही पावसाळी सकाळी रोज बाहेर निघणाऱ्या गाडीची प्रतिनिधी नव्हे. मुखपृष्ठावर एखादी गाडी झळकली की पुढच्या काही महिन्यांत तिच्या जाहिरातींतल्या किमती चढतात. तिचा मालक एक दिवस खूश असतो आणि मग विम्याचे वाढीव बिल घेऊन आमच्यात येऊन बसतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गाड्यांवरच एका मासिकाने चार पानांचा लेख केला. छायाचित्रकार पुढच्या गाडीच्या उघड्या डिकीत पट्ट्याने स्वतःला बांधून बसला होता आणि मी त्याच्यामागे ताशी तीस मैलांनी, फार तर चार हातांवर गाडी ठेवून चालवत होते. चाके फिरताना दिसावीत म्हणून तो शटर मंद ठेवतो, त्यामुळे दोन्ही गाड्यांचा वेग एकसारखा राहिला नाही तर सगळे चित्र पुसट येते. कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही, रस्त्याकडे पाहायचे, आणि चेहरा प्रसन्न ठेवायचा, अशी सूचना होती. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला तर काय, हा विचार डोक्यात असताना चेहरा प्रसन्न ठेवणे सोपे नसते. उभ्या गाडीचे छायाचित्र त्याने कुंपणाच्या झुडपाआडून घेतले. अंक आल्यावर पाहिले, तर काळा बम्पर नेमका पानांआड गेला होता.

लेखात गाडी माझ्या नवऱ्याची असल्याचे छापले होते. माझ्या नवऱ्याला या गाडीत बसल्यावर पाठ दुखते आणि तो तिच्यापासून शक्य तितका लांब राहतो, त्यामुळे घरी हसून पुरेवाट झाली. मला राग आला तो छायाचित्राखालच्या ओळीचा. ‘एकच झेनिथ-स्ट्रॉमबर्ग कार्ब्युरेटर’ असे त्यात होते. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, आणि या बनावटीचा तो अमेरिकेला पाठवलेल्या गाड्यांना होता. इंग्लंडमध्ये विकलेल्या एमजीबीला शेवटच्या वर्षापर्यंत दोन एसयू कार्ब्युरेटर होते, माझ्या गाडीला तेच आहेत, आणि त्यांचे सूर जुळवण्यात माझे कित्येक रविवार गेले आहेत. पबमध्ये मी तो अंक टेबलावर ठेवला तेव्हा स्टॅगवाल्यांनी ती ओळ वाचली, मान हलवली आणि माझ्यासाठी पेला मागवला.

त्या रात्री घरी आल्यावर मी पेन्सिल काढली, समासात बारीक अक्षरांत ‘हे अमेरिकेतल्या गाडीचे’ असे लिहिले, कागदाची चिठ्ठी खोवली आणि अंक दुसऱ्या खोक्यात वरच्या बाजूला ठेवला. नवऱ्याविषयीच्या वाक्यापुढे काहीच लिहिले नाही.