करी ट्रॅकवर ईएससी बंद: तिसऱ्या खेपेची नोंद

गाडी तीच, २०२३ ची ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन. एक लिटर टर्बो, १२० पीएस, सहा गिअरची मॅन्युअल. टायर कंपनीतून आलेलेच, १९५/५५ आर १६. निघण्याआधी ब्रेक ऑइल नवीन भरलं आणि पुढचे पॅड बदलले, बाकी कशाला हात लावला नाही. पुण्याहून कोइम्बतूर बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतं, म्हणून दोन दिवसांत गेलो. करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. रेसिंग ड्रायव्हर आणि रेसिंगच्या गाड्या बनवणारे एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय, आणि आपल्याकडच्या रेसिंगसाठी त्या माणसाने जे केलं ते माहीत असलं की आत शिरताना हात आपोआप जोडले जातात.

मागच्या दोन्ही खेपांना मी एकाच ठिकाणी अडत होतो. लांब उजव्या वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की डॅशवरचा ईएससीचा, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा, पिवळा दिवा लुकलुकायचा आणि इंजिन मेल्यासारखं व्हायचं. सेशननंतर तापमापकाने पाहिलं तर मागची उजवी डिस्क डावीपेक्षा खूपच तापलेली. याचं कारण सरळ आहे. गाडी पुढून बाहेर सरकायला लागली की ईएससी आतल्या बाजूचं मागचं चाक ब्रेकने धरून नाक आत ओढतं. मागून सुटायला लागली, तर बाहेरचं पुढचं चाक धरतं. म्हणजे ती डिस्क माझ्याच चुका मोजत होती.

त्यामुळे या वेळी पहिल्या दोन सेशनमध्ये ईएससी बंद करायच्या बटणाला हातही लावला नाही. ठरवलं एकच: दिवा न लागता पूर्ण फेरी मारायची. स्टिअरिंग किती वळवलंय त्यावरून ईएससी आपल्याला कुठे जायचंय ते ठरवतं आणि गाडी खरंच किती वळतेय ते यॉ सेन्सरवरून बघतं. पुढचे टायर घसरत असताना मी घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवत होतो, म्हणजे दोन्हींतली तफावत मीच वाढवत होतो. ब्रेक थोडा आधी लावला, स्टिअरिंग एकदाच आणि कमी वळवलं, बाहेरचा कर्ब, म्हणजे ट्रॅकची कड, दिसेपर्यंत उजवा पाय आवरला. सहाव्या फेरीत दिवा लागला नाही. ती फेरी माझ्या आधीच्या सर्वांत चांगल्या वेळेपेक्षा १.४ सेकंदांनी कमी होती, तीही ईएससी पूर्ण चालू असताना! गाडी हात धरतेय म्हणून मी हळू आहे, असं मी वर्षभर मानत आलो होतो.

तिसऱ्या सेशनला पहिला टप्पा. या गाडीत बटण एकदा दाबलं की इंजिनची ताकद कापणं थांबतं, पण ब्रेकचा हस्तक्षेप तसाच राहतो. तीन सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर दोन्ही बंद. ब्रेक लावताना चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस मात्र दोन्ही टप्प्यांत चालू. पहिल्या टप्प्यात आणखी ०.६ सेकंद मिळाले. पुढचं आतलं चाक फिरायला लागलं की ब्रेक त्याला चिमटा काढतो आणि ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते. डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या आपल्या साध्या डिफरन्शियलला हा फार मोठा आधार आहे.

चौथ्या सेशनला सगळं बंद केलं, आणि वेळ वाढली. पहिल्या टप्प्यापेक्षा ०.३ सेकंद जास्त. आतलं चाक नुसतं धूर काढत फिरत होतं. पण शिकायला मिळालं ते याच सेशनमध्ये. दुसऱ्याच फेरीत, वेगवान डाव्या वळणाच्या मधोमध, मी अॅक्सिलरेटर एकदम सोडला. वजन पुढे आलं, मागचे टायर हलके झाले आणि शेपूट निघाली. स्टिअरिंग उलटं दिलं, पण उशीर झाला होता. गाडी अर्धी गिरकी घेऊन गवतात थांबली. मला किंवा गाडीला काही झालं नाही. पिटमध्ये येऊन हात लावला तर पुढचे टायर गरम आणि मागचे जवळजवळ थंड. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये मागचे टायर तापायला वेळ लागतो हे वाचलं होतं, पाठीला कळलं ते तेव्हा. त्यानंतर पहिल्या तीन फेऱ्या ईएससी चालू ठेवूनच मारल्या, मग पिटमध्ये येऊन गाडी उभी करून बटण दाबलं.

आदल्या रात्री एका मित्राने सुचवलं होतं की सरळ फ्यूज काढ. कृपा करून असं करू नका. एबीएस आणि ईएससी एकाच हायड्रॉलिक युनिटवर चालतात, आणि पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचं वाटप करणारं ईबीडीसुद्धा तिथेच आहे. फ्यूज निघाला की जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात, आणि तसं झालं तर गाडी सरळ रस्त्यावरही फिरते. बटण आहे, ते पुरेसं आहे.

विम्याची पॉलिसीही नीट वाचून घ्या. संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्या नेहमीच्या वाहन विम्यात वगळलेली असते.

इंजिन बंद करून चालू केलं की ईएससी आपोआप परत येतं, तरी ट्रॅकच्या फाटकातून बाहेर पडण्याआधी ‘ईएससी ऑफ’चा दिवा विझलाय का ते बघायची सवय लावून घेतली आहे. परतीला खंबाटकीत पाऊस होता आणि तो दिवा विझलेला बघून बरं वाटलं.

मागचे पॅड काढून मोजले. उजवा आणि डावा आता जवळजवळ सारखे झिजतायत. पुढची खेप चेन्नईच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर, पहिल्या टप्प्यातच, आणि मागच्या टायरमध्ये दोन पीएसआय जास्त हवा भरून.