मिठाने खाल्लेला पिकअप

घरच्या ग्रुपवर पिकअपचा फोटो टाकला तेव्हा नाशिकहून पहिलं उत्तर आत्याचं आलं, "अमेरिकेत जाऊन भंगार घेतलंस होय रे?" मामांनी एवढंच लिहिलं, "खालून फोटो काढून पाठव." त्यांचं सातपूरला गॅरेज आहे. रंग, काच, सीट यांच्याकडे ते ढुंकूनही बघत नाहीत, आधी गाडीखाली आडवे होतात.

आणि खालून गाडी खरोखरच बघण्यासारखी होती. १९९७ चा फोर्ड रेंजर, चार सिलिंडर, हाताचे गिअर. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट रचून उभ्या असतात त्या बोलेरो पिकअपएवढं वजन हा उचलणार नाही. इंजिन मात्र पहिल्या सेल्फला चालू. मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला टांगणारे लोखंडी दुवे, तेवढे गंजून इतके पातळ झालेले की पेचकसाने टोचलं तरी पापुद्रे गळत होते.

इथे मिशिगनमध्ये इंजिन थकायच्या आधी चेसिस (गाडीचा सांगाडा) संपते. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात. मिठामुळे पाणी शून्याच्या खालीही गोठत नाही, वाहतूक चालू राहते. पण तेच खारट पाणी चाकांवरून उडून चेसिसच्या सांध्यासांध्यात बसतं आणि लोखंड खातं. गंमत म्हणजे डेट्रॉइट शहराच्या खाली जवळजवळ साडेतीनशे मीटर खोल मिठाची मोठी खाण आहे आणि तिथलं मीठ रस्त्यांवरच पडतं. ज्या गावाने जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच पोटातलं मीठ त्या मोटारी खातंय. आपल्याकडे निफाडला थंडीत पारा चार-पाचावर आला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, रस्त्याला मात्र काही होत नाही. म्हणून तिथे वीस वर्षांच्या जीपचीही चेसिस धड असते.

आता आत्याच्या प्रश्नाचं उत्तर. इथे मिस्त्रीची मजुरी तासाला शंभर डॉलरच्या वर. पाट्यांचं काम बाहेर दिलं असतं तर गाडीच्या किमतीएवढं बिल आलं असतं, म्हणून मीच करायला घेतलं. अमेरिकन माणूस स्वतः गाडी खोलतो त्याचं आपल्याकडे फार कौतुक होतं, स्वावलंबन वगैरे. मला तरी त्यात निम्मा मजुरीचा हिशोब दिसतो. नाशिकमध्ये द्वारकेला गाडी उभी केली तर पोरगा चहा येईपर्यंत चाक उतरवतो. तिथे कोण कशाला हात काळे करेल?

सोयही तशी आहे. पार्टच्या दुकानात महागडी हत्यारं अनामत ठेवून वापरायला मिळतात, परत केली की पैसे पूर्ण परत. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीचे शॅकल आणि ते ज्यावर बसतात ते ब्रॅकेट नवेकोरे घरपोच येतात. नाशिकला अंबड लिंक रोडला होता त्या भंगार बाजारासारखे यार्डही आहेत. फरक एवढाच की इथे आपणच पाने घेऊन जायचं, हवा तो पार्ट आपणच खोलायचा आणि काउंटरवर पैसे द्यायचे. घासाघीस नाही, त्यामुळे मला अर्धी मजा गेल्यासारखं वाटतं.

शनिवारी इथे सकाळ असते तेव्हा नाशिकला संध्याकाळ, मामा गॅरेज आवरत असतात. मोबाइल टायरला टेकवून ठेवायचा आणि त्यांनी तिकडून ओरडायचं, "जॅकवर विश्वास ठेवू नको, घोडी लाव! दोन्ही बाजूंनी लाव!" चेसिसला घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) आणि एक्सलखाली वेगळा जॅक, कारण शॅकल सुटला की पाटा आणि एक्सल दोन्ही मोकळे होतात. एवढं झाल्याशिवाय त्यांनी मला खाली सरकू दिलं नाही.

खरी अडचण पुढे होती. कंपनीने पाट्याचे ब्रॅकेट चेसिसला बोल्टने नाही, रिव्हेटने (टोकं ठोकून चपटी केलेल्या जाड खिळ्यांनी) ठोकलेत. पाना लावायला जागाच नाही. मामा म्हणाले, "गॅस कटर मार, ये बाहेर." पण डाव्या बाजूला पाट्याच्या पुढेच पेट्रोलची टाकी आहे, हे दाखवल्यावर तेच म्हणाले, "नको, आगीचं काम नको." ग्राइंडरने रिव्हेटची डोकी कापायची तर ठिणग्या, म्हणून टाकीच्या बाजूला पत्रा आडवा लावला आणि ओली गोणपाटं टाकली. डोकी उडाली तरी दांडे भोकात घट्ट. ड्रिलने मध्ये पोकळ करून, पंच लावून, घणाने ठोकून एकेक बाहेर काढला. शॅकलच्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल मारून ठेवलं होतं, तरी त्यातला एक कापावाच लागला. नवे ब्रॅकेट दहा-नऊ (10.9) ग्रेडच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या, बोल्टांनी आवळले. मामांना वेल्डिंग हवं होतं. माझं मत, बोल्टच बरे, पुन्हा गंजले तर पाना लावून खोलता येतील. यावर आमचं अजून एकमत नाही.

पुढचं काम त्यामानाने सोपं, पण मामांना सगळ्यात जास्त त्यातच रस वाटला. या इंजिनाला चार सिलिंडर आणि आठ प्लग आहेत. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग एकदम म्हणाले, "म्हणजे पल्सरचं डीटीएस-आय!" अगदी तेच. एका सिलिंडरला दोन ठिणग्या, मिश्रण लवकर आणि नीट जळतं. फक्त इनटेकच्या बाजूच्या चार प्लगांपर्यंत हात पोचवताना सोलून निघतो.

आता मामांचा नवा प्रश्न आहे, "आपला नाशिकचा महिंद्रा तिकडे पिकअप का नाही विकत?" याचं मूळ कोंबडीत आहे. साठच्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला, त्याला उत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून बाहेरून येणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. तो अजून उठलेला नाही. २०१० च्या आसपास महिंद्राने इथे पिकअप आणायची तयारी केली होती, पण ती गाडी इथल्या दुकानात कधी आलीच नाही. हे ऐकून मामा म्हणाले, "कोंबडीपायी?" आणि बराच वेळ हसले.

मिशिगनमध्ये नाशिकच्या पेठ रोडच्या आरटीओसारखं पासिंग नाही, त्यामुळे मागचा हौदा लोंबणाऱ्या गाड्याही बिनधास्त हायवेवर पळतात. मला ते पटत नाही. मीठ पडायला लागायच्या आत ब्रेकच्या लोखंडी नळ्या काढून तांबे-निकेलच्या टाकायच्या आहेत, त्या गंजत नाहीत आणि हाताने वळतात. मग ब्रेकची हवा काढायची, त्याला पॅडलवर दुसरं माणूस लागतं. बायको तयार आहे, मी "दाब" आणि "सोड" यापलीकडे एकही शब्द बोलणार नाही या अटीवर.